पाळतीचे कायदे, गोपनीयता कंपन्यांची माघार आणि बैलकुप्पे

बैलकुप्पे (म्हैसूर) : म्हैसूरहून कोडगूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुशालनगरच्या अलीकडे, पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे आहे. तत्कालीन म्हैसूर राज्य सरकारने दिलेल्या सुमारे तीन हजार एकर जमिनीवर १९६०-६१ मध्ये येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत सुरू झाली. रान साफ करून शेती करणाऱ्या त्या पहिल्या पिढीच्या पाठोपाठ सेरा, नामड्रोलिंग आणि ताशी ल्हुन्पो हे मठ येथे उभे राहिले. पर्यटकांना हे ठिकाण नामड्रोलिंगच्या सुवर्णमंदिरामुळे ठाऊक असते. या वसाहतीतील अनेक कुटुंबांचे आणि भिक्षूंचे आप्त आजही तिबेटमध्ये आहेत. हिमालय ओलांडून येणाऱ्यांची वाट जवळपास बंद झाली असल्याने त्यांच्याशी असलेले नाते मुख्यतः मोबाइल फोनवर तगून आहे.

या फोनचे एक टोक भारतीय कायद्याखाली आणि दुसरे चिनी कायद्याखाली येते. दोहोंच्या मध्ये संदेश, ई-मेल आणि आभासी खासगी जाळे, म्हणजे व्हीपीएन, अशा सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. ग्राहकाची गोपनीयता हाच त्यांचा व्यवसाय. सरकारने पाळतीचा किंवा नोंदी ठेवण्याचा कायदा कडक केला की या कंपन्यांपुढे तीन मार्ग उरतात : कायदा पाळायचा, न्यायालयात जायचे किंवा देश सोडायचा. गेल्या काही वर्षांत भारत, चीन, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड या चारही देशांत यांपैकी एक ना एक मार्ग निवडला गेला. कंपनी आणि सरकार यांच्यातील वाद म्हणून त्याची बातमी होते. बैलकुप्पेसारख्या ठिकाणी मात्र त्याचा अर्थ आईशी बोलता येते की नाही, आणि बोलल्याबद्दल तिकडे तिला काय भोगावे लागेल, असा असतो.

एका अॅपवरचे नाते

तिबेटशी होणारा हा संवाद अनेक वर्षे प्रामुख्याने ‘वीचॅट’ या एकाच अॅपवर चालला. फेसबुक, गुगल आणि पुढे व्हॉट्सअॅप यांच्या सेवा चीनमध्ये रोखलेल्या असताना टेन्सेंट या चिनी कंपनीचे वीचॅट तेथे घरोघरी होते. ध्वनिसंदेशाची सोय असल्याने लिहिता-वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ते वापरता येई. मात्र वीचॅटमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधल्या कंपनीलाही संदेश वाचता येतो. कंपनीला वाचता येतो तो संदेश सरकारलाही मागता येतो. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याच्या सातव्या कलमानुसार तेथील संस्था आणि नागरिक यांच्यावर गुप्तवार्ता कार्यास सहकार्य करण्याचे बंधन आहे.

कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’ने वीचॅटचा दोनदा अभ्यास केला. चिनी क्रमांकावर नोंदलेल्या खात्याला लागलेली शब्दबंदी, वापरकर्त्याने पुढे विदेशी क्रमांक घेतला तरी सुटत नाही, असे २०१६ च्या अहवालात आढळले. चीनबाहेर नोंदलेल्या खात्यांमधील छायाचित्रे आणि दस्तऐवजही तपासले जातात आणि त्यातून चीनमधील खात्यांवरची बंदी-यादी वाढवली जाते, असे मे २०२० च्या अहवालाने दाखवले. दुसरा निष्कर्ष बैलकुप्पेच्या दृष्टीने अधिक गंभीर होता. परदेशातल्या आप्ताने पाठवलेले निर्वासित धर्मगुरूंचे छायाचित्र अशा यंत्रणेत पाठवणाऱ्यापुरते राहत नाही.

त्याचे परिणाम कुठवर जातात, हे टिंगरी परगण्यातील टेंगड्रो मठाच्या प्रकरणाने दाखवून दिले. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या जुलै २०२१ च्या अहवालानुसार, या मठातील एका भिक्षूचा फोन २०१९ मध्ये ल्हासातील एका उपाहारगृहात राहून गेला. त्यावरील नेपाळमधील तिबेटींशी झालेले संदेश पोलिसांच्या हाती लागले. मठावर छापा पडला आणि गुप्त खटल्यानंतर त्या भिक्षूला २० वर्षांची शिक्षा झाली. इतर तिघांना ५ ते १९ वर्षांच्या शिक्षा झाल्या.

गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, २९ जून २०२० रोजी, भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यात वीचॅट होते. भारतीयांची माहिती चिनी सर्व्हरवर जाऊ नये, हा हेतू होता आणि तो निराधार नव्हता. तिबेटी कार्यकर्त्यांपैकी अनेक जण या अॅपच्या धोक्याबद्दल आधीपासून सांगत होते. तरीही वसाहतींमध्ये या निर्णयाने दुहेरी भावना निर्माण केली. धोक्याचे असले तरी गावाकडे जाणारे ते एकमेव दार होते.

सर्व्हर हलले, ग्राहक राहिले

बंदी आलेले अॅप उघडण्याचा सर्वपरिचित उपाय म्हणजे व्हीपीएन. यात फोनवरून निघणारी माहिती कूटबद्ध होऊन आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून पुढे निघते. दूरसंचार कंपनीला ग्राहक कोणत्या संकेतस्थळावर गेला हे दिसत नाही. संकेतस्थळालाही ग्राहकाचा खरा आयपी पत्ता न दिसता व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. म्हणून सगळा विश्वास एका जागी गोळा होतो : व्हीपीएन कंपनीकडे. तिने नोंदी ठेवल्याच नाहीत तर मागणाऱ्याला देण्यासारखे तिच्याजवळ काही नसते. ‘नोंदी ठेवत नाही’ हे या व्यवसायाचे ब्रीद आहे.

नेमक्या या ब्रीदाला भारताच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी हात घातला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब (६) खाली काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन, डेटा सेंटर आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ई-मेल, दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचा कालावधी आणि हेतू यांची नोंद किमान पाच वर्षे जपायची होती. संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची, हीही बंधने होती. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला ग्राहक-नोंदीतून वगळले असल्याचा खुलासा मे महिन्यातील प्रश्नोत्तर-पत्रकात करण्यात आला. त्याच पत्रकाने हेही स्पष्ट केले, की भारतात कार्यालय नसले तरी भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्यांना निर्देश लागू आहेत. गुन्हा घडल्यावर तपास यंत्रणेच्या हाती धागा असायला हवा, ही सरकारची भूमिका होती. नियम मान्य नसतील त्यांनी बाहेर पडावे, असे तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले.

कंपन्या खरोखरच बाहेर पडल्या. ‘एक्स्प्रेस-व्हीपीएन’ने जूनच्या पहिल्या आठवड्यात भारतातील सर्व्हर काढत असल्याचे जाहीर केले. ‘सर्फशार्क’ आणि ‘नॉर्ड-व्हीपीएन’ त्याच महिन्यात त्याच वाटेने गेले. ग्राहक-पडताळणीच्या तरतुदींची मुदत २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढवण्यात आली होती. ती संपण्याच्या सुमारास स्वित्झर्लंडच्या ‘प्रोटॉन-व्हीपीएन’नेही सर्व्हर हलवले. न्यायालयाचा मार्ग एका छोट्या कंपनीने धरला. पुण्यातील ‘एसएनटी होस्टिंग्ज’ने या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. परदेशी कंपनीला सर्व्हर सिंगापूरला नेता येतो. देशातच नोंदलेल्या, देशातच राहणाऱ्या व्यावसायिकाला ती सोय नसते, हा फरक त्या याचिकेमुळे पुढे आला.

माघारीचा अर्थ मात्र तपासून पाहावा लागतो. एक्स्प्रेस-व्हीपीएनने भारतीय आयपी पत्ता देणारे ‘आभासी’ सर्व्हर सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये ठेवले. प्रोटॉननेही सिंगापूरमार्गे तशीच व्यवस्था केली. म्हणजे पत्ता भारताचा, यंत्र परदेशात. भारतीय ग्राहकांची वर्गणी चालू राहिली. बैलकुप्पेतून परदेशी सर्व्हरशी जोडणाऱ्याच्या दृष्टीने तर फारसे काहीच बदलले नाही, कारण त्याला भारतातील सर्व्हरची गरज मुळातच नव्हती. निर्देशांची अंमलबजावणी आणि कंपन्यांची तत्त्वनिष्ठा या दोन्हींबद्दल त्या वेळी जितका आवाज झाला, त्या मानाने प्रत्यक्ष जमिनीवरचा बदल लहान होता. पुढचा दाब अॅपच्या दुकानांवरून आला. जानेवारी २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या ‘१.१.१.१’सह काही व्हीपीएन अॅप गृह मंत्रालयाच्या आदेशावरून भारतातील अॅपल आणि गुगलच्या दुकानांतून हटवली गेल्याचे वृत्त आले. नामांकित अॅप दुकानातून गेले की सामान्य वापरकर्ता फुकटच्या, अनोळखी अॅपकडे वळतो आणि त्याच्या नोंदी कोण ठेवतो हे कोणालाच ठाऊक नसते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तिबेटी वापरकर्त्याला तो सर्वांत महाग पडू शकतो. व्हीपीएनमुळे वीचॅट भारतात उघडता येईल, पण वीचॅटवरील मजकूर त्यामुळे सुरक्षित होत नाही. व्हीपीएन फक्त वाट झाकते. संदेश वीचॅटच्या सर्व्हरवर पोहोचल्यावर तो उघडाच असतो आणि तिबेटमधल्या आप्ताचे खाते तर त्याच्या ओळखपत्राशी जोडलेल्या क्रमांकावर असते. भारतातल्या टोकाने कितीही काळजी घेतली तरी जोखीम दुसऱ्या टोकाला राहते.

चीनमध्ये वेगळी वागणूक

मग दोन्ही टोकांनी सुरक्षित अॅप का वापरू नये? याचे उत्तर अॅपलच्या चीनमधील वर्तनात सापडते. परवाना नसलेली व्हीपीएन अॅप अॅपलने जुलै २०१७ मध्ये आपल्या चिनी दुकानातून काढली. फेब्रुवारी २०१८ पासून चिनी ग्राहकांचा आयक्लाउड साठा ग्वेइचौ प्रांतातील सरकारशी संबंधित कंपनीकडे गेला. मार्च २०२१ मध्ये चीनने ‘सिग्नल’ रोखले. एप्रिल २०२४ मध्ये चिनी प्रशासनाच्या आदेशावरून व्हॉट्सअॅप, थ्रेड्स, सिग्नल आणि टेलिग्राम ही अॅपही दुकानातून गेली. जेथे व्यवसाय करतो तेथील कायदा पाळावा लागतो, हे अॅपलचे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे बैलकुप्पेतील भिक्षूच्या फोनमध्ये सिग्नल असले तरी शिगात्सेतल्या त्याच्या भावाच्या फोनमध्ये ते उतरवून घेण्याची वैध वाट नाही.

हीच अॅपल कंपनी ब्रिटनमध्ये निराळी वागली. तेथील २०१६ च्या तपासाधिकार कायद्याखाली सरकारने कूटबद्ध साठ्यापर्यंत पोहोच मागितल्याचे वृत्त आल्यानंतर, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी अॅपलने मागचे दार उघडण्याऐवजी ‘प्रगत डेटा संरक्षण’ ही सोयच ब्रिटनमधील ग्राहकांसाठी बंद केली आणि आदेशाला आव्हान दिले. सिग्नलनेही ब्रिटनच्या ऑनलाइन सुरक्षा विधेयकावेळी, २०२३ मध्ये, एन्क्रिप्शन कमकुवत करण्यापेक्षा देश सोडू असे सांगितले होते. विधेयक कायदा झाले. ज्या कलमावरून वाद होता ते तांत्रिकदृष्ट्या शक्य होईपर्यंत वापरणार नाही, असे सरकारने सूचित केले आणि सिग्नल तेथेच राहिले. जाण्याची धमकी आणि जाणे यांत अंतर असते. बाजार किती मोठा आणि न्यायालय किती स्वतंत्र, यावर ते अंतर ठरते.

गोपनीयतेचे माहेरघर मानला गेलेला स्वित्झर्लंडही यातून सुटलेला नाही. तेथील दूरसंचार-पाळत नियमांत ग्राहकांची ओळख पटवण्याची सक्ती आणणारी दुरुस्ती प्रस्तावित झाल्यावर प्रोटॉनने २०२५ मध्ये आपली काही यंत्रणा देशाबाहेर हलवण्यास सुरुवात केली. याच प्रोटॉनने २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या वैध आदेशानुसार एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून दिला होता आणि त्यावर टीका झाल्यावर संकेतस्थळावरील दाव्याची भाषा बदलली होती. ई-मेलमधला मजकूर तेव्हाही कोणाला मिळाला नाही. कंपनी कोणतेही वचन देवो, तिच्याजवळ जे साठते ते आदेशाने मागता येते. सिग्नलने अमेरिकी न्यायालयांच्या समन्सना दिलेल्या उत्तरांत खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले एवढ्या दोनच गोष्टी होत्या, कारण त्याहून अधिक काही तिने ठेवलेलेच नव्हते.

भारतीय न्यायालयांपुढे

एन्क्रिप्शनचा प्रश्न भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे उभा राहिला. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेश-सेवांनी, आदेश मिळाल्यास, एखाद्या संदेशाचा पहिला प्रवर्तक ओळखून द्यावा, असे नियम ४ (२) सांगतो. अफवा, बालशोषणाचा मजकूर आणि राष्ट्रीय सुरक्षेचे गुन्हे ही सरकारने दिलेली कारणे आहेत. व्हॉट्सअॅपने त्याविरुद्ध मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि एन्क्रिप्शन मोडायला लावल्यास सेवा भारतातून जाईल, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले. त्यानंतर २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालील डिसेंबर २०२४ चे संदेश-अंतरोधन नियम आले.

कर्नाटकात हा विषय प्रोटॉनच्या ई-मेल सेवेवरून आला. एका खासगी कंपनीतील महिला कर्मचाऱ्यांबद्दल अश्लील मजकूर आणि बनावट चित्रे असलेले ई-मेल प्रोटॉन मेलवरून पाठवले गेले होते. पाठवणाऱ्याचा माग लागत नव्हता. या कंपनीच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २९ एप्रिल २०२५ रोजी, कलम ६९-अ खाली प्रोटॉन मेल रोखण्याची कार्यवाही सुरू करण्याचे निर्देश केंद्राला दिले. एका बाजूला नाव-गाव न सांगता छळ करणारा, दुसऱ्या बाजूला त्याच आडोशाने जगणारा पत्रकार किंवा निर्वासित, सेवा एकच. न्यायालयापुढे पहिला होता. दुसरा अशा खटल्यांत पक्षकार नसतोच.

वैयक्तिक गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यातील मूळ याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. हा हक्क प्रामुख्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधून आला आहे आणि तो अनुच्छेद ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतो. चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे संरक्षण परदेशीयांनाही असल्याचे सांगितले होते. अनुच्छेद १९ मधील भाषण-अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मात्र केवळ नागरिकांचे आहे. बैलकुप्पेतील ज्या तिबेटींनी भारतीय नागरिकत्व घेतलेले नाही आणि जे नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात, त्यांची स्थिती त्यामुळे विचित्र होते : संदेश खासगी ठेवण्याचा हक्क त्यांना सांगता येतो, पण तो संदेश पाठवण्याच्या माध्यमावर बंदी आली तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तिला आव्हान देणे कठीण जाते. ‘पडताळलेले नाव आणि पत्ता’ ही सर्ट-इनची अट नागरिकाला कटकट वाटेल. ठरावीक काळाने नूतनीकरण कराव्या लागणाऱ्या कागदावर राहणाऱ्याला ती तेवढीच वाटेल असे नाही.

राज्यसंस्थेला या वसाहतीकडे लक्ष ठेवण्याची कारणेही आहेत. परदेशी पाहुण्यांना येथे मुक्कामासाठी गृह मंत्रालयाचा परवाना लागतो. दलाई लामा २०२५ च्या आरंभी काही आठवडे येथील ताशी ल्हुन्पो मठात राहिले होते. आणि तिबेटींवरील डिजिटल हल्ल्यांचा इतिहास जुना आहे. मार्च २००९ मध्ये उघड झालेल्या ‘घोस्टनेट’ प्रकरणात १०३ देशांतील १,२९५ संगणकांत शिरकाव आढळला. त्याचा शोध दलाई लामांच्या कार्यालयातील संगणकांपासूनच सुरू झाला होता. नोव्हेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात तिबेटी संस्थांतील वरिष्ठांना पत्रकार किंवा स्वयंसेवी कार्यकर्ते असल्याचे भासवून व्हॉट्सअॅपवर दुवे पाठवले गेले. एका टिचकीने फोन ताब्यात जाईल अशी ती रचना होती. व्हॉट्सअॅपचे एन्क्रिप्शन शाबूत होते, पण ज्याचा फोनच दुसऱ्याच्या हाती गेला त्याला त्याचा उपयोग नव्हता.

दलाई लामांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या सुमारास, २०२५ मध्ये, तिबेटींना लक्ष्य करणाऱ्या एका मोहिमेचा तपशील ‘झीस्केलर’ या सुरक्षा कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात ‘एलिमेंट’ या कूटबद्ध संवाद-अॅपची बनावट आवृत्ती वापरण्यात आली होती. तिबेटी आपसांत सुरक्षित बोलण्यासाठी हे अॅप घेतील, हाच त्यामागचा हिशेब होता. अशा हल्ल्यांची माहिती एकमेकांना देण्यासाठी तिबेटी संस्थांनी २०१८ पासून ‘टिब-सर्ट’ हे स्वतःचे आपत्कालीन पथक चालवले आहे. त्याआधी भिक्षूंसह सर्वांना समजावे म्हणून ‘आसक्ती सोडा’ या बौद्ध शिकवणुकीवर श्लेष साधून, ई-मेलला जोडलेल्या फाइली न उघडण्याची मोहीम तिबेटी कार्यकर्त्यांनी राबवली होती.

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, सिग्नल आदी सेवांना आणखी एक निर्देश दिला. ज्या सिमकार्डावर खाते नोंदले ते फोनमध्ये असेल तरच अॅप चालावे आणि संगणकावरील सत्र दर सहा तासांनी बंद व्हावे, असे त्यात म्हटले आहे. सायबर फसवणूक रोखणे हा त्याचा उद्देश सांगितला आहे. त्याच सुमारास नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अॅप आधीच बसवण्याचा आदेशही निघाला होता. त्यावर टीका झाल्यानंतर तो ३ डिसेंबरला मागे घेण्यात आला. वीचॅटवरील २०२० ची बंदी जानेवारी २०२१ मध्ये कायम करण्यात आली.